दहा गुणांचा कांदा

एप्रिलमधली रात्र, साडेनऊ वाजून गेलेले. व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. वहीच्या पानावर उतरवून घेतलेले चार प्रश्न, वर कोपऱ्यात 'एकूण गुण १०', तळाशी 'उद्या सबमिशन', आणि फोटोखाली मेसेज: "मॅडम, एवढे सोडवून द्या ना."

मुलगी एफवायबीकॉमची. निफाड तालुक्यातल्या एका गावातून रोज एसटीने कॉलेजला जाते. घरी चार एकर, त्यातल्या अडीच एकरांत उन्हाळ कांदा. मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले. आता ओळखीपाळखीतून येणाऱ्या मुलांना अडलेलं सांगते. पैसे घेत नाही, म्हणून मुलं वेळ बघत नाहीत. येणारे प्रश्न तरी किती वेगळे असणार? लवचिकता, सरासरी आणि सीमांत खर्च, चक्रवाढ व्याज, वर्तमान मूल्य, कर्जाचे हप्ते. आकडे बदलतात, साचा तोच. हे एक प्रकरण मात्र सविस्तर लिहून ठेवतेय. त्यात माझं एकही गणित चुकलं नव्हतं, आणि तरी मी दिलेली उत्तरं तिच्या काही कामाला आली नाहीत.

चार प्रश्न, वीस मिनिटं

पहिला प्रश्न दोन गुणांचा. कांद्याचा भाव किलोला २० रुपयांवरून ३० झाला, तेव्हा एका वस्तीतली आठवड्याची मागणी ५०० किलोवरून ४५० वर आली. मागणीची किंमत लवचिकता काढा, म्हणजे भाव एक टक्का हलला तर मागणी किती टक्के हलते ते. दुसराही दोन गुणांचा: लवचिकता ०.२५ आहे असं धरून, कांद्याचं एकूण पीक १० टक्क्यांनी वाढलं तर शेतकऱ्यांच्या एकूण उत्पन्नावर काय परिणाम होईल? तिसरा, पुन्हा दोन गुण: उत्पादनखर्च क्विंटलला १,४०० रुपये आणि बाजारभाव १,२०० असेल तर शेतकऱ्याने माल विकावा का? चौथा चार गुणांचा: आजचा भाव १,२००, चार महिन्यांनी १,८०० अपेक्षित, व्याजदर वार्षिक १२ टक्के, वर्तमान मूल्य (पुढे मिळणाऱ्या पैशांची आजची किंमत) काढून आज विकावा की साठवावा ते सांगा.

प्रश्न काढणाऱ्याने मन लावलं होतं, हे मान्य करायला हवं. 'क्ष वस्तू' न घेता कांदा घेतला होता, आणि तोही नाशिक जिल्ह्यातल्या वर्गासाठी.

मी वीस मिनिटांत चारही सोडवले. पहिल्यात भावातली वाढ ५० टक्के, मागणीतली घट १० टक्के, म्हणून लवचिकता ०.२, म्हणजे कमी लवचीक मागणी. दुसऱ्यात १० टक्के जादा माल खपवायला भाव ४० टक्के उतरावा लागेल. आधीचं उत्पन्न १०० धरलं तर आता ११० गुणिले ०.६, म्हणजे ६६. उत्पन्न ३४ टक्क्यांनी घटेल. तिसऱ्याला एका ओळीत लिहिलं: 'होय, झालेला खर्च परत येत नाही, म्हणून निर्णयात तो धरू नये.' चौथ्यात चार महिन्यांचं व्याज ४ टक्के, १,८०० भागिले १.०४ म्हणजे १,७३१. हे १,२०० पेक्षा जास्त, म्हणून साठवावा. फोटो काढला, पाठवला, चहा ठेवला.

चहा उकळायच्या आत फोन. "मॅडम, मैत्रिणीचं पहिल्याचं उत्तर ०.२६ आलंय. आणि ट्यूशनचे सर ०.३३ म्हणतात."

हा घोळ दरवर्षी होतो. तिघेही बरोबर होते. ट्यूशनच्या सरांनी भाव ३० वरून २० वर उतरला असं उलटं वाचलं होतं: भावात ३३.३३ टक्के उतार, मागणीत ११.११ टक्के वाढ, भागाकार ०.३३. मैत्रिणीने दोन्ही टोकांची सरासरी पाया धरली होती, भावाची २५ आणि मागणीची ४७५. म्हणजे ४० टक्के आणि १०.५३ टक्के, उत्तर ०.२६. टक्केवारी कशाच्या किती, हा पाया बदलला की आकडा बदलतो. न बदलणारी गोष्ट एकच, तिन्ही उत्तरं एकापेक्षा लहान आहेत. खात्री करायची तर अर्थशास्त्रज्ञ मार्शल यांची एकूण खर्चाची पद्धत आहेच: आधी वस्ती आठवड्याला १०,००० रुपये खर्च करत होती, भाव वाढल्यावर १३,५००. भाव चढला आणि खर्चही चढला, म्हणजे मागणी कमी लवचीक. तिला म्हटलं, वर्गात जी पद्धत शिकवली ती लिही आणि पद्धतीचं नाव वर टाक.

मग चौथ्यावरून वाद. तिच्या पुस्तकात महिन्याला १ टक्का चक्रवाढ धरून १.०१ चा चौथा घात घेतला होता. त्याने उत्तर १,७२९.७६ येतं. मी सरळव्याजाने ४ टक्के धरले होते, १,७३०.७७. आणि १२ टक्के हा वर्षाचा परिणामी दर (चक्रवाढ धरून वर्षाअखेरी पडणारा) मानला तर १,७३३.२७. तिला 'खरं' उत्तर हवं होतं. मी तिन्हींमधला भेद समजावत बसले. रात्रीचे अकरा वाजले.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "मॅडम, एक विचारू? दुसऱ्याचं उत्तर असं असेल, म्हणजे पीक वाढलं की पैसे कमी, तर पप्पा दरवर्षी जास्त कांदा का लावतात?"

मी काय म्हणाले ते मला शब्दशः आठवतं. "ते परीक्षेत विचारणार नाहीत. झोप आता."

वही परत आली

दहापैकी पाच. पहिल्याला दोन्ही गुण. दुसऱ्याला एक, समासात लाल शाईने 'कारण?'. तिसऱ्याला शून्य, 'तोटा होत असताना विकावा कसा?'. चौथ्याला चारपैकी दोन, 'गृहीतके लिहिली नाहीत'. गुणांचं तिला फारसं वाईट वाटलं नव्हतं. तिला लागलं होतं ते वेगळंच: सरांनी वर्गात उभं करून 'उत्पन्न का घटेल, सांग' असं विचारलं, आणि तिला सांगता आलं नाही. शेतकऱ्याच्या मुलीला कांद्याचं सांगता येईना म्हणून मागच्या बाकावरून कोणी तरी हसलं.

रविवारी ती घरी आली. हातात वही आणि पिशवीत गोल्टी, म्हणजे बारीक कांदे, "मम्मीने दिलेत, मोठा माल चाळीत चाललाय." चाळ म्हणजे कांदा साठवायची जागा. मी वही उघडली. अक्षर तिचं, वाक्यं माझी, एकही शब्द न बदलता उतरवलेली. उत्तर तयार मिळालं की मूल ते उतरवतं. त्यात तिची चूक नव्हती. सोडवून देण्याआधी 'तुझं कुठे अडलंय' हे मी विचारलं नव्हतं. अडलं होतं ते तिने शेवटी आपणहून सांगितलं, आणि त्याला मी झोपवलं.

म्हणून त्या दिवशी सुरुवात तिथूनच केली.

पप्पा जास्त कांदा का लावतात

मी तिला आकडे स्वतः मांडायला लावले. समज, बाजारात १०० शेतकरी, प्रत्येकाचा १०० क्विंटल कांदा, भाव १,५००. प्रत्येकाला दीड लाख. लवचिकता तीच, ०.२५.

आता फक्त तुझे पप्पा १० क्विंटल जास्त पिकवतात. बाजारातला माल किती वाढला? तिने मनातल्या मनात भागलं: दहा हजारांत दहा, ०.१ टक्का. म्हणजे भाव ०.४ टक्के उतरेल, १,५०० चा १,४९४. पप्पांचं उत्पन्न ११० गुणिले १,४९४, म्हणजे १,६४,३४०. चौदा हजारांहून जास्त वाढलं.

आता सगळ्यांनीच दहा-दहा क्विंटल वाढवले. भाव ४० टक्के पडून ९००. प्रत्येकाला ९९,०००. "हे मॅडम, तुम्ही लिहून दिलेलं ३४ टक्के." बरोबर.

"आणि सगळ्यांनी वाढवलं पण पप्पांनी नाही वाढवलं तर?" हा तिसरा रकाना मी तिला सांगितला नव्हता, तिने स्वतः काढला. माल ९.९ टक्के वाढला, भाव ३९.६ टक्के पडला, ९०६. पप्पांचे १०० क्विंटल, ९०,६००.

ती बराच वेळ तीन आकड्यांकडे बघत होती. बाकीचे न वाढवोत की वाढवोत, पप्पांनी वाढवलेलंच बरं. शेजारी शहाणपणाने थांबले तर चौदा हजारांचा फायदा. शेजारी थांबले नाहीत तर निदान ९०,६०० ऐवजी ९९,०००. मग सगळेच लावतात आणि सगळेच दीड लाखावरून ९९ हजारांवर येतात. "म्हणजे पुस्तकही बरोबर आणि पप्पाही बरोबर?" वाढीव दहा क्विंटलचा खर्च वजा करायचा राहिला, हे तिच्याच लक्षात आलं, तो ८,४०० पेक्षा कमी असेल तोवर निष्कर्ष टिकतो, हेही तिनेच समासात लिहिलं.

प्रश्नातला शब्द होता 'शेतकऱ्यांच्या', अनेकवचनी. ०.२५ ही साऱ्या बाजाराच्या मागणीची लवचिकता. एकट्या शेतकऱ्यापुढची मागणी जवळजवळ पूर्णतः लवचीक असते: लिलावात पिकअप उभा केला की पुकारला जाईल तो भाव, त्याने दहा क्विंटल जास्त आणले म्हणून कोणी भाव पाडत नाही. हा फरक मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवला होता, पूर्ण स्पर्धेच्या प्रकरणात. लवचिकतेच्या प्रकरणात तो कधी सांगितला नाही, कारण अभ्यासक्रमात ती दोन वेगळी प्रकरणं आहेत.

एक खोट मात्र तिला दाखवून ठेवली. लवचिकता हे छोट्या बदलाचं माप आहे. ४० टक्क्यांच्या पडझडीला ते सरळ गुणाकाराने लावलं की उत्तर फुगतं. लवचिकता सगळीकडे ०.२५ च राहील असं धरून नीट काढलं तर उत्पन्न ६६ वर न येता ७५ च्या आसपास येतं. आकडा हलतो, दिशा तीच राहते.

ही गोष्ट कांद्याच्या फार आधीची आहे. सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये ग्रेगरी किंग यांच्या नावावर धान्याचा एक तक्ता आहे, चार्ल्स डॅव्हनंट यांनी १६९९ मध्ये छापलेला: पीक एक दशांशाने कमी आलं तर भाव तीन दशांशांनी चढतो, निम्मं आलं तर नेहमीच्या भावावर साडेचार पट भर पडते. तिने लगेच करून पाहिलं. ०.९ गुणिले १.३, म्हणजे १.१७. पीक घटलं आणि उत्पन्न १७ टक्के वाढलं. "दुष्काळात ज्याच्याकडे कांदा असतो त्याची चांदी होते, ते हेच," ती म्हणाली. समासातल्या 'कारण?' ला एवढं एक वाक्य पुरलं असतं.

तिसऱ्याचं शून्य

इथे मला राग आला होता, हे कबूल करते. झालेला खर्च निर्णयात धरायचा नाही हे अर्थशास्त्रातलं पहिल्या आठवड्याचं तत्त्व, आणि त्याला शून्य? पण प्रश्न पुन्हा वाचला तेव्हा दिसलं, मीही घाई केली होती. कांदा आत्ता कुठे आहे हे प्रश्नात लिहिलेलंच नाही.

रोप टाकायचं असताना हाच प्रश्न विचारला तर सरांचं उत्तर बरोबर: १,२०० मिळणार आणि १,४०० लागणार हे माहीत असेल तर लावूच नये. कांदा शेतात उभा असेल तर बी, खत, पाणी, लागवड हे गेलेले पैसे. आता हिशेब फक्त काढणी, कापणी आणि बाजारापर्यंतच्या भाड्याचा. मजूर उक्त्याने घेतले आणि गाडीभाडं धरलं तरी तो खर्च १,२०० च्या पुष्कळ खाली राहतो, म्हणून काढावा आणि विकावा. कांदा खळ्यात येऊन पडला असेल तर उरतं ते फक्त भाडं आणि हमाली.

भाव या उरलेल्या खर्चाच्याही खाली गेला, तरच उभ्या पिकात रोटाव्हेटर (ट्रॅक्टरला जोडायचं नांगरणीचं यंत्र) घालून ते मातीत गाडतात. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांद्याचं तेच झालं होतं; राज्य सरकारने शेवटी क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलच्या मर्यादेत. पेपरात रोटाव्हेटरचे फोटो आले की शहरातले लोक म्हणतात, 'निदान वाटून तरी टाकायचा.' वाटायला आधी काढावा लागतो, आणि काढायला मजुरी लागते. पुस्तकात याला उत्पादन बंद करण्याचा बिंदू म्हणतात आणि त्याची एक वक्ररेषा काढून दाखवतात. तिने ती रेषा पाठ केलेली होती, रोटाव्हेटर तर पाहिलेलाच होता. दोन्ही एकच आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"झालेला खर्च विसरायचा, हे पप्पांना सांगू?"

"हिशेब सांग. 'विसरा' म्हणू नकोस."

साडेतीन रुपये आणि साडेचारशे रुपये

चौथ्या प्रश्नावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ बसलो. 'गृहीतके लिहिली नाहीत' या शेऱ्याचं काय करायचं म्हणून मी तिला विचारलं, आपण काय काय गृहीत धरलं? तिने लिहायला घेतलं: सरळव्याज, चार महिने, १,८०० भाव नक्की. मग पेन थांबलं. "मॅडम, चाळीत घातलेला एक क्विंटल काढताना एक क्विंटल कुठे भरतो?"

मी हसले, मग गप्प झाले. आदल्या आठवड्यात ज्या तीन उत्तरांवरून आम्ही रात्री अकरापर्यंत वाद घातला, त्यांच्यातलं सगळ्यात मोठं अंतर साडेतीन रुपयांचं होतं. चाळीतली घट पाव हिस्सा धरली तर १,८०० मधले ४५० रुपये गेले. त्यांचं नावही कोणी काढलं नव्हतं. प्रश्न काढणाऱ्याने नाही, पुस्तकाने नाही, मी नाही.

उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि टिकतो म्हणूनच चाळीत जातो. लाल कांदा असा ठेवता येत नाही. टिकतो म्हणजे काय तर वजन सुकून उतरतं, काही सडतो, काहीला काजळी (काळी बुरशी) धरते, पावसाळा सरता सरता काहीला कोंब फुटतात. तिच्या घरचा अंदाज असा: माल चांगला असेल तर पाव हिस्सा जातो, पावसाळा ओला गेला तर तिसरा हिस्सा. शिवाय चाळ फोडताना निवडायला मजूर लागतात, तो खर्च तिने क्विंटलला ६० रुपये धरला.

मग गणित नव्याने मांडलं, १०० क्विंटलचं. आज विकला तर १,२०,०००. ठेवला तर चार महिन्यांनी ७५ क्विंटल, हाती क्विंटलला १,७४० प्रमाणे १,३०,५००. त्याचं आजचं मूल्य १.०४ ने भागून १,२५,४८१. फायदा साडेपाच हजारांचा. पहिल्या उत्तरात हाच फायदा ५३ हजारांचा दिसत होता.

घट ३० टक्के धरली तर? ७० क्विंटलचे १,२१,८००, आजचं मूल्य १,१७,११५. आजच विकलेला बरा. मग निर्णय पलटतो कुठे? तिने उलटं सोडवलं: १,२०,००० ला १.०४ ने गुणून १,७४० ने भागलं, ७१.७ क्विंटल. म्हणजे घट २८.३ टक्के. तिने त्या आकड्याभोवती चौकट काढली. पाव हिस्सा आणि तिसरा हिस्सा यांच्या मधोमध म्हणावा असा आकडा. मला वाटतं हा आकडा सापडल्यावर तिला पहिल्यांदा या विषयात मजा आली.

आता व्याज. १२ टक्के कुणाचे? प्रश्नात दिलेत म्हणून घेतले. पण वर्तमान मूल्याचा दर बाजारात कुठे टांगलेला नसतो. आज हातात आलेला रुपया कुठे लागणार आहे यावर तो ठरतो. गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज ३ लाखांपर्यंत केंद्राच्या सवलतीने ७ टक्के, वेळेत फेडलं तर ४; त्यावर महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेने वेळेत फेडणाऱ्याला ते शून्यावर येतं. या कर्जावाल्या घराला थांबण्याची किंमत जवळपास नाही: १,३०,५०० म्हणजे आजचेही १,३०,५००. पण खताच्या दुकानाची उधारी किंवा गावातल्या सावकाराचे पैसे शेकडा तीनने असतील, तर ते महिन्याला ३ टक्के. चार महिन्यांचे १२. १,३०,५०० भागिले १.१२, म्हणजे १,१६,५१८. घट पाव हिस्साच असली तरी या घराने आजच विकावा. भाव तोच, माल तोच, चाळ शेजारी-शेजारी, आणि दोन घरांची बरोबर उत्तरं उलटी.

"आमच्याकडे दोन्ही आहे," ती म्हणाली. "सोसायटीचंही आणि दुकानाचंही."

"मग पप्पा काय करतात?"

"दुकानाचं देणं भागेल एवढा कांदा काढल्या-काढल्या विकतात. बाकीचा चाळीत."

मी वही बंद केली. सगळ्यात महाग कर्ज आधी फेडायचं, आणि स्वस्त कर्जाच्या जोरावर थांबायचं: वित्तव्यवस्थापनाच्या पहिल्या वर्षात आम्ही जे शिकवायला सहा तास घेतो, ते त्या माणसाच्या एका सवयीत होतं. मुलीने ते रोज पाहिलं होतं आणि पेपरात १२ टक्क्यांनी एकरकमी उत्तर लिहिलं होतं, कारण मी तसं लिहून दिलं होतं.

राहिला तो १,८०० चा भाव. 'अपेक्षित' या शब्दात किती काय लपतं हे दाखवायला तिला म्हटलं, १,८०० म्हणजे निम्मी शक्यता २,४०० ची आणि निम्मी १,२०० ची, असं समज. २,४०० मिळाला तर घट आणि निवडणी वजा जाता आजच्या मूल्यात १,६८,७५०. १,२०० च राहिला तर ८२,२१२. सरासरी तीच, १,२५,४८१. पण सरासरी कोणाच्या चाळीत नसते. एक तर ४८ हजारांचा फायदा, नाही तर ३८ हजारांचा तोटा.

आणि ही शक्यता पावसावरच अवलंबून असते असं नाही. २०२३ च्या एप्रिलात चाळ भरणाऱ्याने घट धरली असेल, व्याज धरलं असेल. १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागेल हे कुठल्या रकान्यात लिहायचं? तेव्हा जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले होते. ८ डिसेंबरपासून तर निर्यातच बंद. ती उठली ४ मे २०२४ ला, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही काढलं. एवढ्या फेऱ्यांत सगळा माल एका दिवशी विकणं किंवा सगळा धरून बसणं, दोन्ही जुगार. म्हणून लोक चाळ एकदम फोडत नाहीत. पंधरा दिवसांनी एक वक्कल, म्हणजे थोडा माल, काढतात, भाव बघतात, पुन्हा थांबतात. चौथ्या प्रश्नाचं 'विकावा की साठवावा' हे दोन पर्यायांचं रूपच मुळात परीक्षेचं आहे.

पुढे

तिने दुसरा, तिसरा आणि चौथा प्रश्न पुन्हा लिहून सरांना दाखवले. या खेपेला वाक्यं तिची होती. एका ठिकाणी 'वर्तमान मूल्य' ऐवजी 'आत्ताचे पैसे' लिहिलं होतं, मी तसंच राहू दिलं. सरांनी वाढीव गुण दिले नाहीत, सबमिशनची तारीख गेली होती. पण २८.३ चा आकडा त्यांनी वर्गात फळ्यावर घेतला, तिसऱ्या प्रश्नाला 'कांदा कुठे आहे?' असं विचारून पुन्हा चर्चा केली. माणूस सरळ होता. माझा राग फुकट गेला.

माझ्यात झालेला बदल किरकोळ. आता फोटो आला की मी आधी एवढंच लिहिते: 'तुझं उत्तर पाठव, चुकलेलं चालेल.' निम्मी मुलं तिथेच गळतात. त्यातली काही दुसरीकडून तयार उत्तर मिळवत असतील, मिळवोत.

तिने मात्र घरी एक उद्योग केला. चाळीचा एक कप्पा वेगळा धरला, भरताना ट्रॉली भुईकाट्यावर नेऊन वजन केलं: ४० क्विंटल. गावात हसले, म्हणे कांद्याची परीक्षा घेतेय. ऑगस्टच्या शेवटी चाळ फोडली तेव्हा तिचा मेसेज आला, या वेळी हिशेबासकट.

"२९ क्विंटल भरला. घट २७.५ टक्के, आपल्या २८.३ च्या आत. पण भाव १,५०० मिळाला. निवडणी ६० धरून ४१,७६०, आत्ताचे पैसे ४०,१५४. एप्रिलात विकला असता तर ४८,०००. मॅडम, पप्पांना सांगू का?"

मी लिहिलं, "आधी त्यांना विचार, त्यांनी भाव किती धरला होता."

दहा मिनिटांनी उत्तर आलं. "चौदाशे."